एचडी घ्यावं, पण वाहिनी पाहून

गेल्या दिवाळीत सांगलीला मावशीकडे गेलो होतो. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर आला आणि ती म्हणाली, "दर वेळी आकडा वाढतोच आहे बघ. पण एचडी घेतलंय ना, मग भरायला नको का?"

समोर मालिका चालू होती. नायिकेच्या पैठणीचे काठ मला धुरकट दिसत होते, म्हणून टीव्हीमागे डोकावलो. सेट-टॉप बॉक्समधून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची वायर टीव्हीत गेली होती. एचडीएमआयची जागा मोकळी होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. या तीन रंगांच्या वायरीत चित्र वाहून नेते ती पिवळी पिन, आणि तिच्यातून एचडी चित्र जाऊच शकत नाही. मावशी महिन्यामागून महिना एचडीचे पैसे भरत होती आणि पाहत होती साधंच चित्र.

पेन्शनवर जगणाऱ्या घरात टीव्ही ही चैन नसते, सोबत असते. त्या सोबतीचे पैसे नीट कारणी लागावेत, म्हणून हे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : रिचार्ज वाढला, म्हणजे डीटीएच कंपनीने वाढवला.

वस्तुस्थिती : आपण भरतो त्या रकमेचे तीन भाग असतात. पहिला भाग नेटवर्क कपॅसिटी फीचा, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं भाडं. ते डीटीएच कंपनी घेते. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांच्या किमतीचा. ही किंमत प्रसारक कंपन्या ठरवतात आणि डीटीएच कंपनीला त्यातला किमान २० टक्के वाटा वितरणापोटी मिळतो. तिसरा भाग १८ टक्के जीएसटीचा.

२०१९ मध्ये दूरसंचार आणि प्रसारण क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या ट्रायची नवी दरपद्धत घरोघरी लागू झाली, तेव्हा भाड्याला १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. करासह ते १५३ रुपये ४० पैसे होत. त्यात १०० साध्या वाहिन्या बसत आणि एक एचडी वाहिनी दोन वाहिन्यांएवढी धरली जाई. २०२० मध्ये तेवढ्याच भाड्यात २०० वाहिन्या देण्याचा नियम आला. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने भाड्यावरची कमाल मर्यादाच काढून टाकायचं ठरवलं.

म्हणून आकडा वाढला की आधी वाढ कुठल्या भागात झाली ते पाहावं. वाहिनी महागली असेल, तर ती काढून टाकणं आपल्या हातात आहे. भाडं वाढलं असेल, तर वाहिन्या कमी करून फारसं साधत नाही. तेव्हा दुसऱ्या कंपनीचे दर विचारावेत.

गैरसमज २ : एचडी टीव्ही आणि एचडी बॉक्स आहे, म्हणजे एचडी दिसतंच.

वस्तुस्थिती : चार गोष्टी जुळून याव्या लागतात. टीव्ही एचडी हवा, बॉक्स एचडी हवा, दोघांना जोडणारी वायर एचडीएमआयची हवी आणि वाहिनीची एचडी आवृत्ती आपण घेतलेली हवी. यातली एक कडी निसटली तरी चित्र साधंच राहतं.

शिवाय साधी वाहिनी आणि तिची एचडी आवृत्ती यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. बोटांना जुन्या क्रमांकाची सवय असते. अनेक घरांत एचडीचे पैसे जातात, पण रिमोटवर जुनाच क्रमांक दाबला जातो. वाहिनीच्या बोधचिन्हाशेजारी एचडी ही अक्षरं दिसतात का, एवढं पाहिलं तरी उलगडा होतो.

गैरसमज ३ : एचडी वाहिनीवर लागेल ते सगळं एचडी.

वस्तुस्थिती : वाहिनी एचडी असली, तरी मूळ चित्रीकरण तसं असेलच असं नाही. मराठीतल्या मुख्य मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. त्याआधीचं पुष्कळ साहित्य साध्या टेपवर आहे. ते ताणून मोठं करून दाखवतात, पण टिपलाच गेला नाही तो तपशील ताणून येत नाही. फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या सिनेमांची गोष्ट वेगळी. मूळ रीळ चांगलं असेल आणि ते नव्याने स्कॅन केलं असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीचा चित्रपटही एचडीत उत्तम दिसतो.

गैरसमज ४ : एचडी म्हणजे पाचपट स्पष्ट चित्र.

वस्तुस्थिती : ठिपक्यांचा हिशेब पाहिला तर हे खरं आहे. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. पूर्ण एचडीत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. पण हे ठिपके डोळ्यांना वेगवेगळे दिसले तर त्यांचा उपयोग, आणि ते पडद्याच्या आकारावर आणि आपण किती लांब बसतो त्यावर ठरतं.

३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर असते. त्यापासून आठ फुटांच्या पलीकडे बसलं, तर साध्या चित्रापेक्षा जास्त तपशील सामान्य नजरेला फारसा टिपता येत नाही. ५५ इंचीसाठी हेच अंतर तेरा-चौदा फुटांवर जातं. दिवाणखान्यात मोठा टीव्ही असेल, तर एचडीचे पैसे वसूल होतात. छोटा टीव्ही दहा फुटांवरून पाहत असाल, तर फरक थोडाच जाणवेल. क्रिकेटसारख्या वेगवान दृश्यांत मात्र तो जाणवू शकतो, कारण साधं प्रसारण फार दाबून पाठवलं असेल तर धावत्या चेंडूभोवती चित्राचे चौकोन फुटतात.

गैरसमज ५ : सुट्या वाहिन्यांपेक्षा पॅक स्वस्तच पडतो.

वस्तुस्थिती : १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार प्रसारकाला आपल्या पॅकवर सुट्या किमतींच्या बेरजेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच सूट देता येते. म्हणजे पॅक कितीही स्वस्त असला, तरी त्याची किंमत त्या बेरजेच्या ५५ टक्क्यांखाली जात नाही. समजा, पॅकमधल्या वाहिन्यांची सुटी बेरीज १०० रुपये आहे आणि तुम्ही पाहता त्यांची ३० रुपये. तो पॅक ५५ रुपयांच्या खाली मिळणारच नाही, तेव्हा सुट्या वाहिन्याच परवडतील.

एकाच पॅकमध्ये एका वाहिनीच्या साध्या आणि एचडी अशा दोन्ही आवृत्त्या घालायला मनाई आहे. पण साधा पॅक ठेवून वर एचडी पॅक घेतला, तर एकाच वाहिनीचे दुहेरी पैसे जातात. ही चूक सर्रास होते.

त्या संध्याकाळी एचडीएमआयची वायर आणून लावली. मावशी गुडघ्यांमुळे टीव्हीसमोरच्या पलंगावर बसते, जेमतेम पाच फुटांवर, त्यामुळे तिला फरक लगेच कळला. मग क्रमांक ९९९ वरची ग्राहकांसाठीची माहिती लावली आणि कॅलेंडरच्या उलटलेल्या पानामागे वाहिन्या लिहायला घेतल्या. रोज लागणाऱ्या दोन वाहिन्या निघाल्या, त्या एचडीत ठेवल्या. बातम्या ती स्वयंपाक करता करता ऐकते, त्या साध्या केल्या. खेळांच्या वाहिन्या काकांसाठी घेतल्या होत्या. काका जाऊन तीन वर्षं झाली. मावशी थोडा वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "एक राहू दे. साधीच."