जुना प्रोसेसर, वाढवलेला वेग आणि केजचा मे महिना

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले ते पाण्याअभावी. कोळशातून निघणाऱ्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. उरलेली उष्णता वाहून न्यावीच लागते आणि ते काम पाणी करते. दुष्काळात पाणी आटले आणि केंद्र थांबले. उष्णता बाहेर काढता आली नाही तर यंत्र कितीही दणकट असो, ते चालवता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या केजमधल्या एखाद्या ई-सेवा केंद्रात किंवा फोटो स्टुडिओत टेबलाखाली ठेवलेल्या दहा-बारा वर्षे जुन्या संगणकालाही हाच नियम लागू आहे.

असा जुना संगणक अजून चालतो, पण लग्नसराईत अल्बमचे काम आले की अडखळतो. नवा घेणे लगेच परवडत नाही. मग कोणीतरी सुचवते, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून बघा. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने तो चालवा. सल्ला चुकीचा नाही, पण तो बहुतेकदा अर्धाच दिला जातो.

जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय ५-२५०० के घेऊ. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. मदरबोर्डचा १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि ३३ चा गुणक यांच्या गुणाकारातून हा आकडा येतो. नावातला ‘के’ सांगतो की गुणक खुला आहे. तो ४२ केला की वेग ४.२ गिगाहर्ट्झ होतो. मात्र बोर्डानेही तशी परवानगी द्यावी लागते. आपल्याकडे जोडून मिळणाऱ्या स्वस्त संगणकांत सर्रास दिसणाऱ्या एच ६१ बोर्डावर हा प्रोसेसर बसतो, पण गुणक वाढत नाही. त्याआधीच्या कोअर २ पिढीत पद्धत वेगळी होती. क्यू ६६०० मध्ये बसचा, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा, ठोका २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झवर नेला की ९ च्या गुणकाने २.४ चे ३ गिगाहर्ट्झ व्हायचे. त्यासोबत मेमरीचा वेगही वाढतो, तेव्हा तोही तपासावा लागतो.

ही जास्तीची ताकद येते कुठून? एकाच कारखान्यातून निघालेल्या चिप एकसारख्या नसतात. कंपनी त्या तपासून वेगवेगळ्या वेगांच्या नावाने विकते आणि प्रत्येकीत थोडी राखीव जागा ठेवते. कूलर धुळीने भरलेला असेल, खोली तापलेली असेल, चिप जुनी झाली असेल, तरी ती चालली पाहिजे, असा तो हिशेब असतो. १९९८ च्या सेलेरॉन ३०० ए मध्ये ही जागा इतकी होती की बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेताच ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळायची. आजचे प्रोसेसर ही राखीव जागा टर्बोच्या रूपाने, म्हणजे गरजेनुसार वेग आपोआप वाढवून, स्वतःच वापरून टाकतात. म्हणून ओव्हरक्लॉकिंगची खरी गंमत जुन्याच प्रोसेसरमध्ये आहे, असे माझे मत आहे.

पण ठोके वाढवले की दोन ठोक्यांमधला वेळ आक्रसतो. ४.२ गिगाहर्ट्झला तो ०.२४ नॅनोसेकंद उरतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ७ सेंटिमीटर जातो. पुढचा ठोका पडण्याआधी चिपमधला संकेत मुक्कामी पोचला नाही तर गणित चुकते. ट्रान्झिस्टर चपळ व्हावेत म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. वेग ३.३ वरून ४.२ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले असे समजा. वेग वाढला २७ टक्के, उष्णता वाढली ६१ टक्के. आधी ९५ वॉट धरले तर आता १५० च्या वर.

साऱ्या संगणक उद्योगालाच उष्णतेची ही भिंत आडवी आली होती. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा ज्याच्या घडणीत मोठा वाटा होता, तो पहिला पेंटियम १९९३ मध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्झवर चालत होता. २००४ पर्यंत पेंटियम ४ ची मजल ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेली आणि तिथे उष्णतेने वाट अडवली. त्यानंतर कंपन्या वेगाऐवजी गाभ्यांची (कोअर) संख्या वाढवू लागल्या. २०२२ मध्ये ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला गेला, तोही द्रव हेलियम ओतून आणि थोड्या वेळापुरता.

आता केजकडे येऊ. चांगला टॉवर कूलर एका वॉटमागे साधारण ०.३ अंशाची वाढ होऊ देतो. १५३ वॉटला ४६ अंश झाले. जानेवारीत खोली २५ अंशांवर असेल तर चिप ७१ वर राहील, अगदी निर्धास्त. मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या दुकानात ४२ अंश धरले तर तीच चिप ८८ वर जाते, आणि बंद कॅबिनेटमधली कोंडलेली हवा त्यात आणखी काही अंशांची भर घालते. ९८ अंशांच्या आसपास हा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. म्हणजे हिवाळ्यात मिळवलेला वेग उन्हाळ्यात हातचा जातो, वर चिपचे आयुष्यही घटते. जास्त प्रवाह आणि जास्त तापमान असेल तर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने चिपमधल्या बारीक तारांचे अणू जागचे सरकतात. हे सरकणे तापमानाबरोबर झपाट्याने वाढते.

म्हणून सुरुवात सफाईपासून करावी. कूलरच्या पात्यांत बसलेली धूळ ब्रशने आणि ब्लोअरने काढावी, हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, नामांकित कंपनीचा असावा. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या डब्यावर ४५० वॉट छापलेले असते, पण त्या आकड्यावर मी विसंबणार नाही. अर्थिंग आणि यूपीएस दोन्ही हवेत. पुष्कळदा एवढ्यावरच तापमान इतके उतरते की उन्हामुळे वेग उतरवणारा प्रोसेसर मूळ वेग पूर्ण वापरू लागतो.

मग गुणक एकेकाने वाढवावा आणि व्होल्टेजला शक्यतो हात लावू नये. व्होल्टेज न वाढवता जेवढा वेग मिळेल, तेवढ्यावर थांबणे माझ्या मते आपल्या हवामानात सर्वांत शहाणपणाचे. काही चिप उलट वाटेनेही चालतात. मूळ वेग तसाच ठेवून १.२० चे १.१० व्होल्ट केले तर उष्णता १६ टक्क्यांनी घटते.

प्रत्येक पायरीनंतर चाचणी हवी. प्राइम ९५ हा मोठमोठ्या मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते प्रोसेसरला घालतो आणि एकही उत्तर चुकले तर थांबतो. तो काही तास चालवावा, मेमरीची चाचणी वेगळी घ्यावी. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. न थांबता चुकीचे बिट लिहिणारा संगणक फार घातक. लोकांचे दाखले, पीकविम्याचे अर्ज ज्यावर भरले जातात, त्या संगणकाचे ओव्हरक्लॉकिंग करू नये, यावर मी ठाम आहे. तिथे जादा रॅम आणि एसएसडी टाकावी. रोजच्या कामात तो फरक अधिक जाणवतो. लॅपटॉपच्या वाट्यालाही जाऊ नये, त्यात उष्णतेला बाहेर पडायला जागाच नसते.

हे बदल बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानांत, होतात. तिथे काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. संगणक सुरूच झाला नाही तर वायर काढून बोर्डावरचा बटन सेल काही मिनिटे बाहेर काढला की मूळ नोंदी परत येतात. जुन्या बोर्डावर हा सेल बहुधा संपलेला असतो, आणि मग वीज गेली की केलेले बदलही जातात, तेव्हा तो आधीच नवा टाकावा. शेवटची चाचणी मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता घ्यावी. तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर गुणक दोनाने उतरवावा आणि पुन्हा बघावे.