पहाटेच्या हवेचे थर आणि द्राक्षबाग

मीरा-भाईंदरमधील शांती नगरात हिवाळ्याच्या निवांत पहाटे धूर वर न जाता इमारतींच्या आसपास रेंगाळतो. दूर नाशिक जिल्ह्यात, निफाडच्या द्राक्षबागांवरही अशा वेळी धुराचा आडवा पट्टा दिसतो. दोहोंचे कारण एकच असून बागाइतदारांस ते ठाऊक असणे अगत्याचे आहे. मण्यांची फुगवण व फवारणीचा खर्च ह्यांच्याशी त्याचा संबंध आहे.

दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर उठते आणि लहानमोठे भोवरे निर्माण होतात. ह्या अव्यवस्थित हालचालीस संक्षोभ म्हणतात. निरभ्र रात्री याच्या उलट घडते. जमीन आपली उष्णता आकाशात टाकून निवते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि त्याहून उबदार हवा वर राहते. भोवऱ्याने खालची थंड हवा थोडी वर उचलली, तरी ती आपल्या भाराने पुन्हा खाली बसते. अशा रीतीने संक्षोभ मावळतो.

कोणता भोवरा केव्हा कोठे जाईल हे सांगणे अशक्य असते. म्हणून शास्त्रज्ञ असंख्य भोवऱ्यांची सरासरी घेतात. थरांचा अडथळा व वाऱ्याचा जोर ह्यांची तुलना कशी करावी, हे रिचर्डसन ह्यांनी १९२० साली दाखविले. जमिनीलगतच्या हवेचे गणित मोनिन व ओबुखोव ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडले. (पृथ्वीच्या परिवलनाने मोठ्या वादळांस वळण मिळते, बागेतील भोवऱ्यांवर त्याचा परिणाम नगण्य होय.)

वारा पडला की थरांची सरशी होते. अशा रात्री एकच मोठा जाळ करणे हिताचे नाही. त्याची तप्त हवा उबदार थर भेदून निघून जाते व बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. त्यापेक्षा ठिकठिकाणी लहान शेकोट्या कराव्यात. नुसता धूर करून मात्र फारसे साधत नाही, कारण जमिनीतून निसटणारी उष्णता तो पुरेशी अडवीत नाही. खरा उपयोग उबेचा. जमीन ओलसर ठेवणेही चांगले, कारण ती दिवसा अधिक उष्णता साठविते.

फवारणीचे बारीक थेंबही ह्याच थरात अडकतात आणि मंद झुळुकीबरोबर शेजाऱ्याच्या पिकावर जातात. ग्रामसेवकांनी उंच बांबूवर दोन तापमापके, एक गुडघ्याइतके व दुसरे सुमारे २० फुटांवर, बांधून शेतकऱ्यांस हा फरक प्रत्यक्ष दाखवावा. वरचे तापमान अधिक असेल तोवर फवारा सुरू करू नये. ऊन चढून धूर वर जाऊन विरू लागला म्हणजे, वारा फार नसल्यास, काम हाती घ्यावे.