घरांतील टाकाऊ वस्तु आणि शहराची शिकवणी

फुलसावंगीसारख्या गांवीं 'कचरा' हा शब्द आमच्या आजीच्या तोंडीं फारसा नव्हता. केर होता, तो उकिरड्यांत जाई, आणि उकिरड्याचें खत मृगापूर्वीं शेतांत पडे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, व गोधडी विरली म्हणजे तिचें पोतेरें होई. पऱ्हाट्या चुलींत जळत, व त्यांच्या राखेनें भांडीं घासलीं जात. मग हीच गोष्ट शहरवासी लोकांस शिकविण्यासाठीं मोठमोठ्या मोहिमा कां काढाव्या लागतात, असा प्रश्न वर्गांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारला. प्रश्न मार्मिक आहे, व त्याचें उत्तर घंटेपूर्वीं पुरें झालें नाहीं. म्हणून हा लेख.

शहरास उकिरडा नाहीं, हें पहिलें कारण. केर दाराबाहेर गेला कीं तो कोठें जातो हें घरधन्यास दिसत नाहीं. पुण्याचा केर अनेक वर्षें उरुळी देवाची येथील डेपोवर पडत असे. २०१७ सालीं तेथील व फुरसुंगीच्या ग्रामस्थांनीं गाड्या अडविल्या, तेव्हां रस्तोरस्तीं ढीग सांचून शहरास आपलाच केर दिसला. शहराची घाण खेड्याच्या वेशींत, हा न्याय आम्हां खेडुतांस तरी बरा वाटत नाहीं.

आतां यांतील शास्त्र पाहूं. ओला केर ढिगाखालीं हवेवांचून दडपला गेला म्हणजे त्यांतून मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो. डेपोस आगी लागतात त्यांस हेंही एक कारण होय. तोच केर ओलसर ठेवून, हवा खेळती राखून, अधूनमधून वरखालीं केल्यास दोन-तीन महिन्यांत त्याचें उत्तम खत होतें. कांच कितीही वेळां वितळवितां येते. ॲल्युमिनियम नव्यानें खनिजापासून काढण्यापेक्षां जुनें वितळविल्यास सुमारें ९५ टक्के शक्ति वांचते. कागदाचे तंतु मात्र प्रत्येक खेपेस आंखूड होत जातात, म्हणून त्यास कांहीं मर्यादा आहे. परंतु या सर्वांची मुख्य अट एकच, कीं ओलें व सुकें एकत्र होतां कामा नये. वरणाचें बोट लागलेला कागद रद्दीवाला परत करतो, हें कोणासही ठाऊक आहे.

एवढी साधी गोष्ट फलक लावून साधेल असें पुष्कळ नगरपालिकांस वाटतें. पुण्यांत निराळा मार्ग निघाला. उकिरडे धुंडाळून पोट भरणाऱ्या स्त्रियांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ सालीं स्थापन झाली, डॉ. बाबा आढाव यांचा तिला मोठा आधार होता. तिच्यांतूनच पुढें २००८ सालीं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली व महापालिकेशीं करार करून घरोघर केर गोळा करूं लागली. अर्थात् जी बाई केर उचलते तीच शिक्षिका झाली. मिसळलेली बादली पुढें आली कीं ती तेथेंच सांगते, व उद्यां पुन्हा तीच दाराशीं उभी राहते. ज्या कांचेच्या तुकड्यानें तिचा हात कापावयाचा तो तुकडा तीच दाखविते. तेव्हां गृहिणीस निराळें व्याख्यान नको. वापरलेलीं शौचवस्त्रें कागदांत गुंडाळून वर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे तीं उघडून पाहण्याचा प्रसंग तिच्यावर येणार नाहीं, ही मोहीमही त्याच संस्थेची. त्या ठिपक्यास कांहींच खर्च नाहीं. पण तो काढणारास दारामागील माणसाची आठवण करावी लागते.

ही रीत वऱ्हाडास नवी नव्हे. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज गांवांत शिरतांच आधीं हातीं खराटा घेत, व कीर्तन रात्रीं करीत. त्यांतही ते प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तरें वदवीत. पुढें २००० सालीं राज्य सरकारनें ग्रामस्वच्छतेच्या अभियानास त्यांचें नांव दिलें. नांव दिलें हें ठीक. खराटा किती जणांनीं घेतला हा भाग वेगळा.

आणि आतां आमच्याच गांवाकडे वळूं, कारण आजीचा उकिरडा पूर्वीचा राहिलेला नाहीं. शांपूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, कुरकुरीत खाऊचीं चकचकीत पाकिटें यांनीं तो भरला आहे. तें खत शेतांत पडलें कीं पऱ्हाटीच्या मुळांशीं पाकिटें निघतात. २०१८ सालीं राज्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पण या पाकिटांचें काय? त्यांत प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे पापुद्रे असे चिकटविलेले असतात कीं ते वेगळे करणें परवडत नाहीं, म्हणून भंगारवाला तीं घेत नाहीं. येथें घरधन्यास शिकवून काम भागत नाहीं. पाकीट बनविणारासही कोणीतरी वर्गांत बसवावयास हवें.

यंदा आम्हीं वर्गाच्या मागील भिंतीस तीन पोतीं टांगलीं आहेत. एक कागदाचें, एक बाटल्या व पत्र्याचें. तिसरें कोणीच न घेणाऱ्या वस्तूंचें. पहिल्या दोहोंची विक्री होऊन दोन नकाशे आले. तिसरें पोतें सर्वांत आधीं भरलें, आणि अद्याप तेथेंच टांगलेलें आहे.