आंतरजाल तटस्थता

आंतरजालावरून जाणारी माहिती कोणाची वा कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता, जोडणी पुरविणाऱ्या कंपनीने ती सर्व सारख्याच रीतीने वाहून न्यावी, असे प्रतिपादणारे तत्त्व. ही संज्ञा अमेरिकन विधिज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केली.

आंतरजालावर मजकूर, ध्वनी वा चित्र लहान तुकड्यांत विभागून पाठवितात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा सांकेतिक पत्ता असतो. त्यामुळे काही संकेतस्थळे अडविणे, काहींची गती कमी करणे अथवा काहींना अग्रक्रम देणे कंपनीस तांत्रिक दृष्ट्या शक्य होते. अमेरिकेतील कॉमकास्ट ही कंपनी बिटटॉरंट पद्धतीने होणारी देवाणघेवाण रोखत असल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. भेदभावाचा दुसरा मार्ग दराचा : काही संकेतस्थळे मोफत ठेवून इतरांसाठी नेहमीचे शुल्क आकारणे. भारतातील वाद मुख्यतः या मार्गाविषयी झाला.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१५ मध्ये या विषयावर लोकांची मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-पत्रे त्याच्याकडे आली. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सहकार्याने भारतात सुरू केलेली व पुढे ‘फ्री बेसिक्स’ असे नाव मिळालेली योजना वादाचा केंद्रबिंदू ठरली. तीत निवडक संकेतस्थळे शुल्काविना पाहता येत. ज्यांना आंतरजाल परवडत नाही त्यांना काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळणे बरे, असे समर्थकांचे म्हणणे होते. उलटपक्षी, यादीत कोणी यावे याच्या अटी एका खाजगी कंपनीच्या हाती राहतात; यादीबाहेरच्या लहान उद्योजकाकडे वा वृत्तपत्राकडे गरीब ग्राहक फिरकणार नाही आणि ती यादी हेच त्याचे आंतरजाल बनेल, असा विरोधकांचा आक्षेप होता.

प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी विनियम काढून आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली. आपत्कालीन सेवांचा अपवाद करण्यात आला. तसेच सबंध आंतरजाल खुले करणारी मर्यादित मोफत जोडणी देण्यास आडकाठी ठेवली नाही. फेसबुकने त्याच महिन्यात ही योजना भारतात बंद केली. अडवणूक, गतिरोध व अग्रक्रम यांविरुद्धच्या प्राधिकरणाच्या शिफारशी केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्वीकारून परवान्याच्या अटींत समाविष्ट केल्या. अमेरिकेत मात्र २०१५ चे नियम २०१७ मध्ये रद्द झाले. २०२४ मध्ये पुन्हा केलेले नियम जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्दबातल ठरविले.

मोठ्या प्रमाणात माहिती पाठविणाऱ्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांनी त्यानंतरही केली आहे. तटस्थतेमुळे आंतरजालावर पोहोचलेल्यांना समान वागणूक मिळते. परंतु मनोरे, उपकरणे व परवडणारे दर त्यामुळे आपोआप उपलब्ध होत नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर भारतातील दर झपाट्याने उतरले, ते स्पर्धेमुळे. म्हणून न्याय्य उपलब्धतेसाठी तटस्थता ही आवश्यक अट असली, तरी ती पुरेशी ठरत नाही.