१८ व्या वर्षी ‘टाईम’च्या कव्हरवर झळकलेली मॉली रिंगवॉल्ड ४५ व्या वर्षी जॅझकडे का वळली?

मे १९८६. अमेरिकेच्या ‘टाईम’ साप्ताहिकाच्या कव्हरवर लाल केसांची एक मुलगी झळकली. वय १८, नाव मॉली रिंगवॉल्ड.

तोपर्यंत ‘सिक्स्टीन कँडल्स’ (१९८४), ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५) आणि ‘प्रिटी इन पिंक’ (१९८६) असे तिचे तीन सिनेमे गाजले होते. तिन्ही लिहिले होते जॉन ह्यूज यांनी. पहिल्याची पटकथा तर त्यांनी मॉलीचा फोटो समोर ठेवूनच लिहिली होती. शाळकरी वयातलं प्रेम, घरच्यांशी खटके, गरीब-श्रीमंत दरी... त्या पिढीला मॉली आपलीच मैत्रीण वाटायची.

अडचणही इथेच होती. मॉली मोठी झाली, पण प्रेक्षकांच्या डोक्यातली मॉली सोळाचीच राहिली. नव्वदच्या दशकात ती पॅरिसला राहायला गेली, फ्रेंच सिनेमातही काम केलं.

मग मध्येच जॅझ कुठून आलं?

खरं तर ते सिनेमाच्याही आधीपासून होतं. तिचे वडील बॉब रिंगवॉल्ड जॅझ पियानोवादक होते. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांचा स्वतःचा बँड होता. त्यांच्यासोबत गात मॉलीने सहाव्या वर्षीच रेकॉर्ड काढली होती.

२०१३ मध्ये तिचा ‘एक्सेप्ट समटाइम्स’ हा जॅझ अल्बम आला. त्यातलं शेवटचं गाणं म्हणजे ‘ब्रेकफास्ट क्लब’मधलं गाजलेलं रॉक गाणं. मॉलीने ते संथ लयीत, जॅझच्या अंगाने गायलं. २००९ मध्ये निधन झालेल्या ह्यूज यांची ती आठवण होती.

जॅझमध्ये मूळ चाल ठरलेली असते, पण गाणारा ती दरवेळी नव्याने मांडतो. आपल्याकडे एकच बंदिश दोन गवयांकडून वेगळी ऐकू येते, तसंच काहीसं. त्यामुळे इथे वाढतं वय आड येत नाही, उलट गाण्यात उतरतं.

जुन्या सिनेमांकडेही मॉलीने असंच नव्याने पाहिलं. मुलीसोबत ‘ब्रेकफास्ट क्लब’ पुन्हा बघताना, आपल्याच पात्राला एक मुलगा ज्या पद्धतीने छळतो ते तिला खटकलं. ‘मी टू’ चळवळीनंतर, २०१८ मध्ये, तिने ‘द न्यू यॉर्कर’मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पण हे सिनेमे पुसून टाका, असं तिचं म्हणणं नव्हतं.

ज्या सिनेमाने तिला कायमची सोळा वर्षांची करून ठेवलं, त्याचं गाणं तिने पंचेचाळिशीच्या आवाजात गायलं आणि त्यातल्या चुका पन्नाशीत बोलून दाखवल्या.