शुश्रूषा आणि कायमची नोकरी

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या गुणांत शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्याच पंक्तीस त्यांनीं अनुराग बसविला आहे. पहिले तीन गुण शिकवितां येतात. अनुराग मात्र सहवासावांचून उपजत नाहीं, आणि सहवासास माणूस एके ठिकाणीं टिकावें लागतें.

गेल्या वर्षीं आमच्या वडील भगिनी पक्षाघातानें अंथरुणास खिळल्या, तेव्हां हें आम्हांस घरींच शिकावयास मिळालें. अशा रोग्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागतें; न वळविल्यास शय्याव्रण होतात. एका संस्थेनें बारा बारा तासांच्या बोलीनें परिचारिका पाठविल्या. तीन महिन्यांत सात बदलल्या! त्यांपैकीं एकीनेंही कुचराई केली असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पेज कोणत्या गालांत घातली म्हणजे ताईंना ठसका लागत नाहीं, हें एकीस उमगतें न उमगतें तोंच दुसरी दारांत उभी. पुढें माकडहाडापाशीं व्रण झालाच. एकीस विचारतां कळलें कीं, सुटीचें वेतन नाहीं, आजारपणाची रजा नाहीं. चार रुपये अधिक मिळतील तिकडे ती जाणारच.

याउलट मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचें उदाहरण पाहावें. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांजवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं अमानुष अत्याचार झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारें बेचाळीस वर्षें, त्या तेथेंच अंथरुणावर होत्या. महापालिकेच्या नोकरींतील परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. शुश्रूषा खंडली नाहीं. इतक्या वर्षांत एकही शय्याव्रण झाला नाहीं, याची सर्वोच्च न्यायालयानें २०११ च्या निकालांत आवर्जून नोंद घेतली.

त्याच न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्र सरकारनें समिति नेमली. खाजगी रुग्णालयांत २०० हून अधिक खाटा असल्यास वेतन सरकारी परिचारिकेइतकें असावें, ५० हून कमी असल्यास निदान २०,००० रुपये असावें, व रजा, कामाचे तास सरकारी नोकरीप्रमाणें असावेत, असें तिनें सुचविलें. ही शिफारस होय, कायदा नव्हे; आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकेपर्यंत तर ती पोहोंचतच नाहीं.

आम्हीं मग एकच बाई मासिक वेतनावर ठेविली, आठवड्याची सुटी पगारी. खर्च वाढला, तो भावांनीं वांटून घेतला. सुटीच्या दिवशीं ताईंना वळविण्याची पाळी आमची असते. आमचे हात थरथरतात, आणि ताई डाव्या हातानें दाराकडे खूण करून त्या बाईची वाट पाहतात.