मक्तेदारीचा माग : लेखांक 9
कपाशीच्या पाकिटावरची रॉयल्टी

आज डिजिटल स्पर्धा विधेयकावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मध्येच मोताळा तालुक्यातल्या एका वाचकांचा फोन आला आणि त्यांनी माझी गाडी भलत्याच रुळावर नेली. गेला लेख त्यांनी बारकाईनं वाचला होता. म्हणाले, "प्ले स्टोअर पाहिजे तर क्रोम घ्या, सर्चही घ्या, असं मोबाइल कंपन्यांना म्हटलं म्हणून गुगलला तेराशे कोटींचा दंड. आमच्याकडं कृषी केंद्रात याला लिंकिंग म्हणतात भाऊ. त्याला दंड कोण करते?"

लिंकिंग म्हणजे काय, हे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मृग तोंडावर आला की मागणीच्या वाणाची चार पाकिटं मागितली तर त्यासोबत न खपणारं एखादं वाण किंवा कसल्याशा टॉनिकची बाटली माथी मारली जाते. दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, कंपनीनं मलाच असा माल उचलायला लावला. पुष्कळदा ते खरंही असतं.

स्पर्धा कायदा, 2002 इथं दोन ठिकाणी लागू होऊ शकतो. कलम 4 बाजारावर प्रभुत्व असलेल्यासाठी आहे. मोताळ्यातल्या एका कृषी केंद्राला प्रभुत्व कुठलं? कलम 3 मध्ये अशा जोडविक्रीचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तो व्यावसायिकांमधल्या करारापुरता. कंपनी दुकानदाराला अडवते ते त्यात बसू शकतं, दुकानदार शेतकऱ्याला अडवतो ते बसत नाही. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडंच जावं लागतं. तेव्हा वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर असं की दिल्लीतला भारतीय स्पर्धा आयोग (सीसीआय) त्या दुकानापर्यंत पोचत नाही. (आपल्याकडं सीसीआय म्हटलं की कापूस खरेदी डोळ्यांसमोर येते. इथं बोलतोय ते भारतीय स्पर्धा आयोगाबद्दल.)

पण त्याच पाकिटावरून हा आयोग एकदा थेट कपाशीच्या शेतात उतरला होता. ही गोष्ट मला गुगलच्या दंडाइतकीच मोलाची वाटते आणि तिच्याकडं फार कमी लोकांचं लक्ष गेलं.

मार्च 2002 मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. एका जिवाणूतलं जनुक कपाशीत बसवण्याचं तंत्र अमेरिकेच्या मोन्सँटोचं. ते भारतात विकायला मोन्सँटोनं जालन्याच्या महिकोबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी काढली, महिको मोन्सँटो बायोटेक. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये उभी केलेली महिको आपल्याला परकी नाही. देऊळगाव राजाहून निघालं की तासाभरात जालना. संकरित बियाण्याचं वेड या पट्ट्याला लागलं त्यात तिचा वाटा मोठा.

या भागीदार कंपनीचा धंदा समजून घ्या. तिनं ते जनुक चाळीसहून अधिक बियाणे कंपन्यांना परवान्यावर दिलं. त्यांनी ते आपापल्या संकरित वाणांत उतरवलं. दुकानाच्या फळीवर पाकिटं पन्नास रंगांची आणि नावांची, पण आत जनुक बहुतेक एकाचंच. सॅमसंग घ्या नाहीतर विवो, आत अँड्रॉइडच, तसाच प्रकार. तेव्हाच्या औरंगाबादच्या नाथ सीड्सनं चिनी जनुक आणून पाहिलं, खरगपूर आयआयटीत विकसित झालेलं एक तंत्रही बाजारात आलं. दोन्हींना 2006 मध्ये मंजुरी होती, पण बाजार हलला नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं सरकारी बीटी वाण काढलं, 'बिकानेरी नरमा बीटी'. घरचं बी पुन्हा पेरता येईल असं ते सरळ वाण होतं. त्यातही मोन्सँटोच्याच जनुकाचा अंश निघाला आणि ते मागं घ्यावं लागलं. त्या प्रकरणाची हळहळ मला अजून वाटते. एक चांगला प्रतिस्पर्धी आपण आपल्याच हातानं गमावला.

प्रत्येक पाकिटामागं जनुकाची रॉयल्टी, तिला ट्रेट व्हॅल्यू म्हणतात. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होतं आणि त्यात निम्म्याहून बराच जास्त पैसा या रॉयल्टीचा. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार त्या वेळच्या मक्तेदारीविरोधी एमआरटीपी आयोगाकडं गेलं. मे महिन्यात आयोगानं रॉयल्टी कमी करायला सांगितलं, आंध्रनं पाकीट 750 रुपयांवर आणलं. महाराष्ट्रानं 2009 मध्ये कपाशी बियाण्याच्या दरासाठी स्वतंत्र कायदाच केला.

दुसरा अंक 2015 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. केंद्रानं कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला. पुढच्या हंगामासाठी बीजी-2 या सुधारित बीटी कपाशीचं पाकीट देशभर 800 रुपये आणि त्यातली रॉयल्टी 163 वरून 49 वर. त्याच सुमारास, 10 फेब्रुवारी 2016 ला, स्पर्धा आयोगानं महिको मोन्सँटोची चौकशी लावली. आयोगाला फक्त रक्कम खटकली नव्हती. परवान्याच्या अटी खटकल्या होत्या. बियाणे कंपनीनं दुसऱ्या कोणाचं तंत्र घ्यायचं ठरवलं तर ते आधी कळवायचं, करार तुटला तर अटी इतक्या जाचक की कोणी वाट बदलायला धजू नये. गुगलच्या करारांशी याचं साम्य गेला लेख वाचणाऱ्यांना दिसलंच असेल.

पुढं कोर्टबाजी. दिल्ली उच्च न्यायालयात एकल पीठानं आयोगाची बाजू मानली. खंडपीठानं 13 जुलै 2023 ला तो निकाल फिरवला. या निकालात मोन्सँटोच्या जोडीला एरिक्सन होती! कपाशीचं जनुक आणि मोबाइलच्या नेटवर्कचं तंत्र एकाच निकालपत्रात. न्यायालय म्हणालं, पेटंटधारकानं परवाना कसा द्यावा हा पेटंट कायद्याचा विषय, आयोगानं त्यात पडू नये. आयोगाची त्यावरची याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली.

म्हणजे मोन्सँटोनं प्रभुत्वाचा गैरवापर केला की नाही, याचा अंतिम निकाल आयोगाला देताच आला नाही. दर उतरला तो सरकारी आदेशानं. मला हे पटत नाही. दर बांधणं सरकारला सोपं जातं आणि ते मतांनाही बरं. पण दर बांधल्यानं दुसरा प्रतिस्पर्धी उभा राहत नाही. करारातली जाचक अट काढली असती तर कदाचित राहिला असता.

सरकारी बंधनांची उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2016 मध्येच महिकोनं तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कपाशीचा अर्ज मागं घेतला. तोवर गुलाबी बोंडअळीला बीजी-2 पचायला लागली होती, 2017 ला विदर्भातल्या पऱ्हाटीचं काय झालं ते इथं नव्यानं लिहायला नको. मंजुरी नसलेलं, तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं मग चोरवाटेनं आलंच. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्या पाकिटाला पक्कं बिल नाही, दराची मर्यादा नाही, उगवलं नाही तर तक्रार करायला जागा नाही.

स्पर्धा आयोग बियाण्याच्या बाजारात आणखी एकदा उतरला. 2018 मध्ये बायर कंपनीनं मोन्सँटो घेतली, तेव्हा आयोगानं मोन्सँटोचा महिकोतला 26 टक्के हिस्सा विकायला लावला. शिवाय शेतीच्या डिजिटल सेवा इतरांना वाजवी आणि समान अटींवर खुल्या ठेवण्याचं बंधनही घातलं. बियाण्याच्या व्यवहारात ॲप आणि माहितीसाठा शिरला तो इथं, आणि डिजिटल स्पर्धा विधेयकाकडं जायला हीच वाट मला सोयीची वाटते.

तोवर मोताळ्याच्या वाचकांना एवढंच. 2020 पासून बीजी-2 वरची रॉयल्टी शून्य आहे आणि 2025 च्या हंगामात पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. चालू हंगामाच्या कमाल किमतीपेक्षा जास्त कोणी मागितलं किंवा सोबत बाटली दिली तर बाटलीचं नावही बिलावर लिहून घ्या. बिलाशिवाय तालुका कृषी कार्यालयात तुमचं कोणी ऐकणार नाही.